डब्लिनचं दफ्तर जळण्याआधीचे तास

आयर्लंडमध्ये आपलं मूळ शोधणारा माणूस बॉस्टनचा असो की मेलबर्नचा, कधी ना कधी ३० जून १९२२ या तारखेला येऊन अडतोच. खापरपणजोबांचं मृत्युपत्र मागा, १८४१च्या जनगणनेतलं घर मागा, उत्तर ठरलेलं: ‘बावीस साली जळालं.’ हे उत्तर निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं कळायला घड्याळ बरंच मागे न्यावं लागतं, पार १८६७पर्यंत.

१८६७ ते १९१९

तोवर आयर्लंडचे सरकारी कागद निरनिराळ्या कचेऱ्यांत आणि ओलसर तळघरांत विखुरलेले होते. १८६७च्या कायद्याने ते एका जागी आणायचं ठरलं. जागा निवडली डब्लिनमध्ये लिफी नदीच्या उत्तर काठावरची, फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात. दफ्तराचे दोन भाग केले. पुढे कचेरी आणि वाचनकक्ष, मागे खुद्द दफ्तरखाना: सहा मजली आणि काचेच्या छपराचा. दोहोंच्या मध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडली, कारण कचेरीत दिवा कलंडला तर आग मागे जाऊ नये. आग मागूनही येऊ शकते हा विचार त्या आराखड्यात नव्हता.

आत काय होतं? मध्ययुगापासूनची न्यायालयीन बाडं, मृत्युपत्रं, १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची घरोघरची पत्रकं. प्रोटेस्टंटांच्या चर्च ऑफ आयर्लंडला सरकारी धर्मसंस्थेचा दर्जा होता, तो १८६९च्या कायद्याने काढून घेतला गेला. त्यानंतर त्याच्या जुन्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या वह्या सरकारी कागद ठरल्या. १८७५ आणि १८७६च्या कायद्यांनी या वह्या डब्लिनला पाठवायला सांगितलं. मात्र, गावात वह्या ठेवायला सुरक्षित सोय आहे असं दाखवणाऱ्या पाद्र्याला त्या जवळ ठेवण्याची सवलत होती. हजाराच्या आसपास पॅरिशनी, म्हणजे एकेका पाद्र्याच्या विभागांनी, वह्या पाठवल्या, सहाशेहून अधिक पॅरिशनी त्या आपल्याकडेच ठेवल्या. पुढे जे झालं ते पाहता, वहीवर बसून राहिलेल्या त्या पाद्र्यांचे उपकार मानावे लागतात.

१९१९ साली दफ्तरातले अधिकारी हर्बर्ट वुड यांनी या सगळ्या साठ्याची मार्गदर्शिका छापली. तीनच वर्षांत ती नष्ट झालेल्या मालाची यादी होऊन बसली.

१४ एप्रिल १९२२. बाकी ७७ दिवस

डिसेंबर १९२१मध्ये ब्रिटनशी तह झाला. जानेवारीत आयरिश संसदेने तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी स्वीकारला आणि कालचे सोबती दोन बाजूंना गेले. तहविरोधी गटाच्या रोरी ओ’कॉनर यांच्या माणसांनी १४ एप्रिलच्या पहाटे फोर कोर्ट्सचा ताबा घेतला. दफ्तरातले लोक बाहेर राहिले. खिडक्या अडवायला जाडजूड ग्रंथ वापरले गेले, आणि दफ्तराच्या भागात सुरुंग आणि बॉम्ब तयार होऊ लागले. माझ्या मते दफ्तर गेलं ते इथेच. त्यानंतरचे अडीच महिने म्हणजे नुसती वाट पाहणं होतं.

२२ जून. बाकी ८ दिवस

लंडनमध्ये फील्ड मार्शल सर हेन्री विल्सन यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून ठार केलं गेलं. ब्रिटिश सरकारने बोट फोर कोर्ट्सकडे दाखवलं आणि तहाच्या बाजूच्या आयरिश सरकारला तंबी दिली: तुम्ही ती इमारत रिकामी करा, नाहीतर आम्ही करू.

२७ जून. बाकी ३ दिवस

ओ’कॉनर यांच्या गटाने सरकारी सैन्याचे सेनानी जे. जे. ओ’कॉनेल यांना पळवून फोर कोर्ट्समध्ये ठेवलं. मायकेल कॉलिन्स आणि आर्थर ग्रिफिथ यांच्या सरकारला आता कारण मिळालं. सैन्याकडे तोफा नव्हत्या, त्या ब्रिटिशांकडून घेतल्या.

२८ जून, पहाटे ३.४०. बाकी जवळजवळ ५७ तास

इमारत सोडा, असा निर्वाणीचा निरोप आत गेला. कोणी बाहेर आलं नाही.

पहाटे सव्वाचारच्या सुमारास. बाकी ५६ तास

नदीच्या दक्षिण काठावरून अठरा पौंडी तोफा धडाडल्या. शहर जागं झालं आणि आयर्लंडचं यादवी युद्ध सुरू झालं. भिंती जाड होत्या, तोफा मोजक्या आणि तोफांवरची पोरं नवखी. पहिल्या दिवशी इमारतीला फारसं काही झालं नाही.

२८ जून, रात्र

सरकारी सैन्याचे गोळे संपत आले. डब्लिनमधले ब्रिटिश सेनापती नेव्हिल मॅक्रेडी यांनी रात्रीपुरते श्रॅपनेलचे गोळे दिले. भिंत पाडायला त्यांचा उपयोग शून्य, पण आवाज होत राहील, असा हिशेब. नुसत्या आवाजासाठी डागलेले हे गोळेही त्याच आवारात पडत होते.

२९ जून

तोफांनी अखेर पश्चिमेकडच्या बाजूला भगदाड पाडलं. दफ्तर त्याच बाजूला. सैनिक आत शिरले, हातघाईची लढाई झाली आणि रात्रीपर्यंत दफ्तराची इमारत सरकारी सैन्याच्या हाती आली. म्हणजे शेवटच्या रात्री कागद सरकारच्याच ताब्यात होते. पण जवळच दारूगोळा आणि सुरुंग होते, आणि त्यांच्यापलीकडे विरोधक.

३० जून, सकाळ. बाकी काही तास

आवारात आग लागली आणि पसरत गेली. ती नेमकी कोणामुळे लागली यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांवर ढकलाढकल केली आहे. सुरुंग मुद्दाम उडवले, असं सरकार म्हणालं. तुमच्याच गोळ्यांनी दारूगोळा पेटला, असं ओ’कॉनर यांच्या बाजूचे म्हणाले. वंशावळ शोधणाऱ्याला या भांडणातून काही मिळत नाही. मूळ प्रतीची दुसरी प्रत केली नाही, हा दोष त्या दोघांच्याही आधीचा आहे.

दुपारी साडेबाराच्या सुमारास

प्रचंड स्फोट झाला. धुराचा स्तंभ शहरावर उभा राहिला, आत शिरलेले कित्येक सैनिक जखमी झाले. काचेचं छप्पर गेलं, दफ्तरखाना आतून भट्टी झाला. जळक्या कागदांचे तुकडे वाऱ्यावर उडत शहरभर पडले. लोकांनी ते अंगणांतून आणि रस्त्यांवरून उचलले.

दुपारी साडेतीनच्या सुमारास

विरोधकांच्या जखमी झालेल्या प्रमुखाच्या जागी आलेल्या अर्नी ओ’मॅली यांनी शरणागती पत्करली. दफ्तर जळतच होतं.

त्यानंतर

आता त्या ‘निम्म्या खऱ्या’ उत्तराकडे. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१च्या जनगणना काही तुकडे वगळता आगीत गेल्या, हे खरं. पण १८६१ आणि १८७१ची पत्रकं तक्ते तयार झाल्यावर सरकारनेच नष्ट केली होती, आणि १८८१ व १८९१ची पहिल्या महायुद्धात लगद्यात घातली. चार जनगणना आगीने नेल्या, चार कारकुनांनी. दुसऱ्या चारांबद्दल कोणी हळहळत नाही, कारण तिथे तोफा नव्हत्या. १९०१ आणि १९११च्या या दफ्तरात नव्हत्याच. त्या शाबूत आहेत आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

कॅथलिकांच्या वह्याही तिथे नव्हत्या. त्या पॅरिशमध्येच राहिल्या, आणि बहुसंख्य आयरिश माणसं कॅथलिक. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या मायक्रोफिल्म २०१५मध्ये सगळ्यांसाठी खुल्या केल्या. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४पासून, बिगरकॅथलिक विवाहांची १८४५पासून, तीही वाचली. दुष्काळाच्या काळात सुरू झालेली, ग्रिफिथ नावाच्या दुसऱ्याच माणसाची जमीन आकारणी, १८४७ ते १८६४, जनगणनेची जागा बऱ्यापैकी भरून काढते, कारण कोणत्या कुळाकडे कोणती जमीन होती ते तीत नावानिशी आहे.

काही गोष्टी अपघाताने वाचल्या. १९०९पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागली, पण १८६४पूर्वी जन्मलेल्यांकडे वयाचा दाखला कुठला? मग म्हातारेकोतारे अर्ज करत, आणि दफ्तरातले कारकून १८४१ आणि १८५१च्या पत्रकांत त्यांचं लहानपणचं घर शोधून अर्जावर लिहीत. पत्रकं जळली, अर्ज राहिले. सर विल्यम बेथम यांनी १८००पूर्वीच्या हजारो मृत्युपत्रांतून नात्यांची टिपणं काढून ठेवली होती. मृत्युपत्रं गेली, टिपणं आहेत. ढिगाऱ्यातून उपसलेली पानं तपकिरी कागदात बांधून ठेवली होती. त्यातली अनेक पुडकी कित्येक दशकं कोणी सोडलीच नव्हती, अलीकडे त्यांवर काम झालं.

एक धागा आपल्याकडेही येतो. पुणे, खडकी, अहमदनगरच्या छावण्यांत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने असत. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ‘एन/३’ या मालिकेत आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्याच्या गावची वही डब्लिनमध्ये राख झाली, त्याचं लग्न खडकीच्या चर्चमध्ये लागलं असेल तर ते लंडनमध्ये सापडू शकतं. दूरच्या छावण्यांच्या दोन-दोन प्रती ठेवणाऱ्या राजवटीने डब्लिनमध्ये मात्र एकीवर भागवलं.

स्फोटाच्या शताब्दीच्या तीन दिवस आधी, २७ जून २०२२ रोजी, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने आभासी दफ्तरखाना खुला झाला. जगभरच्या ग्रंथालयांतल्या नकला, उतारे आणि टिपणं गोळा करून वुड यांच्या यादीतल्या फळ्या पुन्हा भरण्याचं काम तिथे चालू आहे. ते फुकट आहे.

तेव्हा ‘बावीस साली जळालं’ असं कोणी सांगितलं तर तिथे थांबू नका. आधी पूर्वजाचा धर्म आणि पॅरिश काढा, मग त्याच्या वस्तीचं, तिकडे ज्याला टाउनलँड म्हणतात त्याचं, नाव. पूर्वज प्रोटेस्टंट असेल तर सर्वांत आधी एवढंच तपासा की त्या गावच्या पाद्र्याने वही डब्लिनला पाठवली होती का.