नवे तारू आणि त्याची गोदी

तापीच्या काठी जमून समुद्रावरच्या तारवांविषयी बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. प्रकाशाच्या माणसाला माहीत असलेली नाव म्हणजे संगमावर यात्रेकरूंना पलीकडे नेणारी. पण हीच तापी पुढे सुरतेखाली समुद्राला मिळते, आणि पश्चिम किनाऱ्यावरील जहाजबांधणीचा निम्मा इतिहास तिच्या मुखाशी घडला. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

नवे तारू पाण्यात उतरले म्हणजे काम संपले, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तेव्हा ते नुसते लाकडी पोट असते. डोलकाठी उभारायची, परबाण चढवायचे, शीड, दोर, नांगर, पाण्याची पिंपे आणि लढाऊ असेल तर तोफा. हा सारा सरंजाम चढेपर्यंत त्याला आठवडेच्या आठवडे कोठेतरी निवांत उभे राहावे लागते. ते ‘कोठे’ कोणते असावे, या प्रश्नावर राज्ये अडली आहेत.

शिवाजी महाराजांचेच पाहा. 1657 च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी हाती आली आणि तेथे तारवे बांधण्यास आरंभ झाला. जागा काय वाईट होती? सागाचे रान जवळ, खाडी शांत, कसबी सुतार मिळण्याजोगे. पोर्तुगीज कारागीर रुई लैतांव व्हियेगश याला महाराजांनी कामावर ठेवले. त्याच्या हाताखाली तीनशेहून अधिक माणसे होती. पण एक गोष्ट नडली. कल्याणहून समुद्र गाठायचा तर वसई, ठाणे, मुंबई यांच्याजवळून जावे लागे, आणि तेव्हा ही सर्व ठाणी पोर्तुगीजांची. 1659 मध्ये त्यांनी आपल्या कप्तानाला हुकूम दिला, की ही तारवे समुद्रात येऊ देऊ नयेत. पुढे व्हियेगश व त्याची माणसे वसईकरांच्या सांगण्यावरून काम टाकून रातोरात निघून गेली. घर आपले, पण दाराची कडी शेजाऱ्याच्या हाती, अशी ही स्थिती होती. सहा वर्षांच्या आत मात्र मालवणाहून 85 गलबते व 3 मोठी तारवे घेऊन महाराज बसरूरच्या मोहिमेवर निघाले. मालवणापुढे उघडा समुद्र होता, आणि सिंधुदुर्गाची उभारणी तिथेच चालू होती. आमच्या मते कल्याणचा धडा त्यांनी फुकट घालविला नाही.

हा धडा पुढे कागदावरही उतरला. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र खवळण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस छावणीची सोय करावी, दर साल बंदर बदलावे, जवळ किल्ला असावा, रात्री गस्त घालावी, आणि मुख्य म्हणजे सगळे आरमार एके ठिकाणी ठेवू नये. लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असेही त्यात बजावले आहे. झाड म्हणजे एकदोन वर्षांत होणारी वस्तू नव्हे. कारभारी असा हवा!

आता विजयदुर्ग घ्या. वाघोटणची खाडी खोल आणि वळणाची, पावसाळ्यातही शांत. तोंडावर किल्ला आणि आत गिऱ्ये येथे आंग्र्यांची म्हणून सांगितली जाणारी गोदी : लांबी 355 फूट, रुंदी 227 फूट. भरतीला तारू आत घ्यावे, ओहोटीला तळ उघडा पाडून फळ्यांच्या फटी बुजवाव्या. याहून चांगली जागा सबंध किनाऱ्यावर सापडणे कठीण. तरी 1756 च्या फेब्रुवारीत काय झाले? नानासाहेब पेशव्यांशी संगनमत करून इंग्रज चालून आले. तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याखाली एकमेकांना बांधून ठेवलेले होते. इंग्रजांचा एक गोळा एका तारवावर पडला, आग लागली, आणि तिने एकामागून एक सारे आरमार गिळले. बांधणीवर असलेली तारवेही गेली. जागेत दोष नव्हता. अमात्यांनी जे टाळावयास सांगितले, नेमके तेच घडले. आपल्याच पेशव्याने परक्याला हाताशी धरावे, याचे दुःख निराळे.

सुरतेची गोष्ट थोडक्यात सांगतो. कारागीर उत्तम, डांगचा साग जवळ. पण खानदेशातून तापी जो गाळ वाहून नेई तो मुखाशी साचे, आणि मोठी जहाजे सुवाळीला उभी राहत. 1735 मध्ये कंपनीने तेथे एक जहाज बांधून घेतले. त्या कामावरच्या लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराचे कसब पाहून दुसऱ्याच वर्षी त्याला मुंबईस नेले. 1750 मध्ये तेथे कोरडी गोदी झाली, आणि तापीमुखाचे वैभव उत्तरोत्तर मुंबईकडे सरकले. साग मात्र आपल्याच बाजूचा हवा होता; 1842 मध्ये कंपनी सरकारने डांगचे जंगल भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतले ते त्यासाठीच.

मुंबईची गोदीही सर्वस्वी स्वयंपूर्ण नव्हती. लाकूड, सुतार, भरती-ओहोटी घरची. तळाला मढविण्याचे तांबे आणि नकाशे विलायतेचे. 1812 च्या डिसेंबरात ते घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज अमेरिकनांनी ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे पकडले, आणि ‘त्रिंकोमाली’ या फ्रिगेटचे नकाशे गेले. वाडियांच्या गोदीतून ती 1817 मध्ये पाण्यात उतरली, 1819 मध्ये पोर्टस्मथला पोचली, आणि तेथे राखीव ठेवून देण्यात आली. कामगिरीवर ती प्रथम निघाली 1847 साली. मुंबईच्या सुतारांनी घडविलेले ते सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून पाण्यावर तरंगते आहे.