बरणीत गेलेली टेकडी

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठावर मिशिगन सिटी नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात या गावाची शान होती 'हूझियर स्लाइड', म्हणजे सुमारे २०० फूट उंचीची वाळूची टेकडी. लोक सहलीला यायचे, धापा टाकत वर चढायचे आणि घसरत खाली यायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की ही वाळू काचेसाठी फार चांगली आहे. रेल्वेच्या वाघिणी भरून टेकडी निघाली. बरीचशी वाळू मन्सी गावच्या बॉल बंधूंच्या कारखान्यात गेली आणि तिच्या फळं-भाज्या टिकवायच्या बरण्या झाल्या. १९२० पर्यंत टेकडी संपली. पुढे त्याच जागी वीजनिर्मिती केंद्र उभं राहिलं.

गंमत अशी, की टेकडी वाघिणींत भरली जात होती त्याच वर्षांत, त्याच किनाऱ्यावर एक तरुण माणूस गवत बघत हिंडत होता. हेन्री चँडलर कोल्स. शिकागो विद्यापीठात तो आला भूगर्भशास्त्र शिकायला आणि अडकला वनस्पतींत. १८९९ मध्ये त्याने या टेकड्यांवरच्या झाडोऱ्यावर लिहिलेला प्रबंध छापून आला.

त्याचं निरीक्षण साधं होतं. पाण्यापासून आत चालत जा. आधी उघडी वाळू. मग वाळू धरून ठेवणारं मॅरम गवत. पुढे कॉटनवुडची झाडं, मग पाइन, मग काळा ओक. सरोवर मागे हटत गेलं तशी आतली जमीन जुनी आणि किनाऱ्याची नवी. म्हणजे ही चाल नुसती अंतराची नाही, काळाची आहे. एक झाड दुसऱ्यासाठी जागा तयार करतं आणि स्वतः मागे पडतं. झाडोरा स्थिर नसतो, तो सतत बदलत असतो, ही गोष्ट आज शाळेच्या पुस्तकात असते. ती रुजवणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांत या वाळूवरच्या पायपिटीचा मान मोठा आहे.

तरी वाळू विकली जातच राहिली. १९०६ मध्ये टेकड्या सपाट करून गॅरी हे पोलादाचं शहर वसू लागलं. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले प्रमुख स्टीफन मॅथर यांनी शिकागोत सुनावणी घेतली. कोल्सने तिथे साक्ष दिली. पण पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि 'आधी देश, मग टेकड्या' असा सूर लागला. १९२० च्या दशकात राज्याचं एक छोटं उद्यान तेवढं पदरात पडलं.

१९५२ मध्ये डोरोथी ब्यूएल या बाईंनी काही जणींना घरी बोलावलं आणि टेकड्या वाचवायची चळवळ सुरू केली. इंडियानाच्या पुढाऱ्यांना बंदर आणि पोलाद हवं होतं, म्हणून संसदेत बाजू लावून धरली ती शेजारच्या इलिनॉयच्या पॉल डग्लस या सिनेटरने. दरम्यान मधल्या टेकड्यांची वाळू उपसून सरोवर बुजवायला नेली गेली आणि त्या भरावावर एका विद्यापीठाचं आवार वाढलं. १९६६ मध्ये तडजोड झाली : बंदरही होईल, राखीव किनाराही होईल. २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

आज तिथे स्थानिक वनस्पतींच्या ११०० हून जास्त जाती आहेत. उत्तर ध्रुवाकडचं बेअरबेरी आणि रखरखीत मुलखातला निवडुंग एकाच वाळूत वाढतात.

मग प्रश्न मिटला? नाही. खरी अडचण इथूनच सुरू होते.

पिचर्स थिसल नावाचं एक काटेरी झुडूप आहे. ते जगात फक्त या मोठ्या सरोवरांच्या काठावरच्या वाळूत येतं. चार ते आठ वर्षं नुसती पानं धरून बसतं, मग एकदाच फुलतं आणि मरतं, आपल्या कारवीसारखं. त्याला थोडी हलती, उघडी वाळू लागते. पायवाटा पडल्या तर रोपटी तुडवली जातात, पण वाळू गवताने पूर्ण झाकली गेली तरी त्याची जागा जाते.

आतल्या ओकच्या विरळ रानाचं दुखणं वेगळं. तिथे पूर्वी अधूनमधून वणवे लागायचे, मूळ रहिवासीही गवत जाळायचे. संरक्षण म्हणजे आग विझवणं असं ठरलं, तेव्हा झाडी दाट झाली, सावली वाढली आणि उन्हात वाढणारं ल्युपिन मागे हटलं. ल्युपिन नाही तर कार्नर ब्लू हे निळं फुलपाखरूही नाही. त्याच्या अळ्या दुसरं काही खात नाहीत. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी १९४० च्या दशकात याच फुलपाखराचं शास्त्रीय वर्णन केलं होतं.

म्हणून आता उद्यानाची माणसं हवामान बघून, वारा मोजून, स्वतःच आग लावतात. कोल्सच्या नावाच्या दलदलीत पाणकणीस माजलं होतं. ते काढून तिथे स्थानिक रोपं लावतात. कुंपणाने जमीन वाचली, पण झाडोरा वाचवायला रोज हात लागतो. कोल्सने १८९९ मध्ये सांगितलेलं इथे नव्याने शिकावं लागलं : जे मुळात बदलतंच, ते जसंच्या तसं थांबवून ठेवणं म्हणजे वाचवणं नव्हे.

आणि हात लावूनही सगळं हाती लागत नाही. २०१२ चा वसंत फार लवकर तापला, मागून दुष्काळ आला. त्यानंतरच्या काही वर्षांत कार्नर ब्लू या उद्यानातून दिसेनासं झालं. कायदा होता, राखीव जमीन होती, ल्युपिनही होतं.

ओकच्या रानात आग अजूनही लावतात. ल्युपिनला ऊन मिळावं म्हणून.