रमजान आणि ईदवर मुलांसाठी कोणती पुस्तके आहेत?

2025 मध्ये गुढीपाडवा 30 मार्चला होता आणि रमजान ईद दुसऱ्याच दिवशी. अशा वेळी डोंबिवलीच्या एखाद्या वर्गात एक मूल श्रीखंडपुरीबद्दल सांगते, तर दुसरे शीरखुर्म्याबद्दल. रमजानमध्ये वर्गातला एखादा मुलगा डबा का उघडत नाही, हा प्रश्नही घरी येतो. त्याचे उत्तर गोष्टीतून सहज देता येते.

ईद दरवर्षी पुढे-मागे का होते?

इस्लामी वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते, त्यामुळे ईद दरवर्षी 10-11 दिवस आधी येते. मराठी पंचांगातील महिनेही चंद्रावरच चालतात. पण अधिक महिना धरल्याने पाडवा वसंतातच राहतो.

कोणती पुस्तके वाचावीत?

ईदगाह : प्रेमचंद यांची 1933 ची कथा. लहानगा हमीद ईदच्या जत्रेत तीन पैसे घेऊन जातो. मित्र खेळणी आणि मिठाई घेतात. भाकरी भाजताना आजीची बोटे पोळतात म्हणून हमीद मात्र चिमटा घेतो.

इस्मत्स ईद : फौजिया गिलानी-विल्यम्स यांचे तूलिका प्रकाशनाचे चित्रपुस्तक. ईदसाठी घेतलेली नवी विजार लांब निघते आणि घरातला प्रत्येकजण ती गुपचूप आखूड करतो. मूळ लोककथा तुर्कस्तानची आहे.

लैलाज लंचबॉक्स : रीम फारुकी यांचे 2015 चे इंग्रजी पुस्तक. अमेरिकेतल्या नव्या शाळेत आपला रोजा आहे हे सांगायला लैला कचरते. शेवटी शाळेच्या ग्रंथपाल तिला मदत करतात.

इस्लामी संस्कृती : साने गुरुजींचे मराठी पुस्तक. मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी.

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील बालकथा मोफत वाचता येतात.

निवडताना काय पाहावे?

रमजान ईद आणि बकरी ईद यांची गल्लत नसावी. मोहरमला सरसकट ‘आनंदाचा सण’ म्हटलेले नसावे, कारण त्यात करबलाचा शोक आहे. लहान मुलांवर रोजाची सक्ती नसते, हेही स्पष्ट असावे.

उणीव कुठे आहे?

वरच्या तिन्ही गोष्टी उत्तर भारत, तुर्कस्तान आणि अमेरिकेतल्या आहेत. कल्याण-भिवंडीच्या कोकणी मुस्लिम घरांत मराठीला जवळची बोली बोलली जाते. तिथल्या मुलाला स्वतःचे घर आणि शेजाऱ्याला त्याची ईद दिसेल, अशी मराठी गोष्ट हवी.