लेकीला दोन मतं, आईला एक

2025 च्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आमच्या आळीतली एक मुलगी संध्याकाळी घरी आली. बी. कॉम. झालेली, इथल्याच एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते. त्यांच्या घरातली ती पहिली पदवीधर. हातात छापील अर्ज होता. म्हणाली, "सर, हा अठरा नंबरचा फॉर्म भरायचाय. पदवीधर मतदार म्हणून नाव लावायचं म्हणतात. पण हे नक्की असतं काय?"

तिच्या मागोमाग तिची आईही आली होती. मी दोघींना बसवलं आणि सांगू लागलो, की विधानसभेला आपण मत देतो ना, तसं विधान परिषदेसाठी हे आणखी एक मत, पण ते फक्त पदवी असणाऱ्यांना. आई शांतपणे ऐकत होती. मध्येच म्हणाली, "म्हंजे सर, हिला दोन मतं आन् मला एकच?"

मंडळी, छत्तीस वर्षं मी माध्यमिक शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. विधान परिषदेची रचना फळ्यावर किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. पण हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने कधी विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नव्हता. त्या माउलीला त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी फळ्यावरचा भाग. आपल्या विधान परिषदेत 78 सदस्य. त्यांतले 30 विधानसभेचे आमदार निवडतात, 22 महापालिका, जिल्हा परिषदा, नगरपालिका अशा स्थानिक संस्थांचे सदस्य निवडतात, 12 जणांची नेमणूक राज्यपाल करतात. उरले 14. त्यांतले 7 शिक्षक निवडतात आणि 7 पदवीधर. म्हणजे सामान्य माणूस थेट मतपेटीपाशी जाऊन विधान परिषदेचा सदस्य निवडतो तो या 14 जागांपुरताच. राज्यघटनेच्या 171 व्या कलमात ही वाटणी आहे.

मुळात पदवीधरांना वेगळी जागा कशासाठी? ही कल्पना इंग्रजांची. त्यांच्या पार्लमेंटमध्ये विद्यापीठांचे स्वतःचे प्रतिनिधी असत. तीच पद्धत त्यांनी इकडे आणली. जुन्या मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात मुंबई विद्यापीठाची जागा होती आणि 1927 साली कन्हैयालाल मुन्शी त्या जागेवरून निवडून गेले होते. गंमत अशी, की इंग्लंडने स्वतः 1948 च्या कायद्याने या विद्यापीठांच्या जागा मोडीत काढल्या. एका माणसाला एकच मत, हे तत्त्व त्यांनी शेवटी मान्य केलं. आणि जवळजवळ त्याच वेळी आपण मात्र पदवीधरांच्या जागा घटनेत लिहून घेतल्या!

पण आपल्या लोकांना नावं ठेवण्याआधी तो काळ बघायला हवा. 1951 च्या जनगणनेत देशात साक्षरांचं प्रमाण शेकडा 18 च्या आसपास होतं. अशा देशात प्रत्येक प्रौढ माणसाला मत देण्याचं धाडस आपण केलं. ते धाडस करताना एक काळजीही घेतली, की शिकलेल्यांचा, शिकवणाऱ्यांचा आवाज कुठेतरी ऐकू यावा. विधानसभेत घाईने काही ठरलं तर वरच्या सभागृहात दोन शहाण्या माणसांनी 'थांबा, विचार करा' म्हणावं. मला हा हेतू आजही चुकीचा वाटत नाही. प्रश्न पुढे काय झालं याचा आहे.

आमचा मतदारसंघ म्हणजे पुणे विभाग. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे मिळून पदवीधरांचा एक सदस्य आणि शिक्षकांचा एक. 2011 च्या जनगणनेप्रमाणे या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या दोन कोटी तीस लाखांच्या वर जाते. मावळातल्या भातखाचरापासून पंढरपूरच्या वाळवंटापर्यंत आणि इकडे कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत एकच आमदार!

या जागेवरून गेलेली माणसं बघण्यासारखी आहेत. माझ्या पिढीला पहिलं नाव आठवतं ते ग. प्र. प्रधान सरांचं. फर्ग्युसन कॉलेजात वीस वर्षं इंग्रजी शिकवलेला हा माणूस, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला, साने गुरुजींच्या वाटेवरचा समाजवादी. 1966 पासून सलग अठरा वर्षं पुण्याच्या पदवीधरांनी त्यांना निवडून दिलं. आणीबाणीत सरकारने त्यांना पुन्हा तुरुंगात टाकलं. सभागृहाचा सदस्य गजाआड, असा तो काळ. पुढे 1980 ते 82 ते विधान परिषदेत विरोधी पक्षनेते होते. सत्तेचं पद नाही, मोठी संस्था नाही, कारखाना नाही. माणसाच्या शब्दाला वजन होतं ते माणसामुळे. सदस्यत्व संपल्यावर ते 'साधना' साप्ताहिकाच्या कामात रमले, आणि 2010 मध्ये गेले.

मी 1974 साली बी. ए. झालो. पदवी मिळून तीन वर्षं झाल्याशिवाय या यादीत नाव लागत नाही. त्यामुळे 1978 च्या निवडणुकीत मला पहिल्यांदा हे मत मिळालं. सायकल दामटत वडगावला गेलो होतो. प्रधान सरांच्या नावापुढे 1 चा आकडा लिहिताना हात थरथरला होता, हे आज सांगायला हरकत नाही. आमच्या गावाचं नाव नवलाख उंबरे, पण तेव्हा पदवीधर असलेले उंबरे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. आपल्याला हे मत आहे याचा मला केवढा ताठा होता! शेजारच्या घरात अंगठा उठवणारी माणसं होती आणि आपण आकडा लिहून आलो.

प्रधान सरांनंतरच्या काळात, 1990 पासून दोन वेळा प्रकाश जावडेकर इथून निवडून गेले. 2002 मध्ये जनता दलाचे प्रा. शरद पाटील आले. 2008 मध्ये त्यांना हरवून चंद्रकांत पाटील आले, आणि 2014 मध्ये अगदी थोडक्या मतांनी पुन्हा तेच. पुढे जावडेकर 2016 ते 2019 देशाचे शिक्षण खातं सांभाळणारे मंत्री झाले आणि चंद्रकांत पाटील 2022 मध्ये राज्याचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री. पदवीधरांनी निवडलेली माणसं शिक्षण खात्याच्या खुर्चीत बसली, एवढ्यापुरता घटनाकारांचा हेतू फळला म्हणायचा. 2020 च्या डिसेंबरात मात्र चित्र पालटलं. कुंडलचे अरुण लाड, प्रतिसरकारातल्या क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाडांचे चिरंजीव, 48 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. त्याच वेळी शिक्षक मतदारसंघातून जयंत आसगावकर आले.

तुमच्या लक्षात आलंच असेल. आधी माणूस बघून मत होत होतं, मग पक्ष बघून होऊ लागलं. यात जावडेकर, पाटील, लाड यांचा दोष नाही. निवडणूकच तशी झाली. पाच जिल्ह्यांत विखुरलेल्या लाखो मतदारांपर्यंत एकटा प्राध्यापक पोचणार कसा? त्याला पक्ष हवा, कार्यकर्ते हवेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ज भरून घेणारी माणसं हवीत.

कारण या मताची खरी मेख त्या अर्जात आहे. विधानसभेच्या यादीत नाव एकदा लागलं की ते पुढच्या निवडणुकीलाही राहतं. पदवीधर आणि शिक्षकांची यादी मात्र दर निवडणुकीआधी कोऱ्या कागदापासून करतात. मागच्या खेपेला नाव होतं, या सबबीचा उपयोग नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा पदवीच्या दाखल्याची साक्षांकित प्रत. त्यामुळे ज्याने अर्ज भरून घेतले त्याची निवडणूक निम्मी तिथेच झाली. 2020 ला आमच्या पाच जिल्ह्यांत पदवीधर मतदार होते सुमारे सव्वाचार लाख. लोकसंख्येशी ताडून पाहा, शंभरात दोन माणसंही भरत नाहीत. पदवीधर काय एवढेच आहेत? एकट्या पुणे शहरात गल्लीगणिक सापडतील.

आणखी दोन विसंगती सांगतो. पदवीधरांचा प्रतिनिधी स्वतः पदवीधर असावा, अशी अटच नाही. तमिळनाडूतलं असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. 1972 साली न्यायालयाने निकाल दिला, की घटनेने मतदाराला पदवी मागितली आहे, उमेदवाराला नाही. दुसरी विसंगती मला जास्त खुपते. शिक्षक मतदारसंघात मत आहे ते माध्यमिक शाळेपासून वरच्या शिक्षकांना. आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्या बाईंनी त्या मुलीला 'ग म भ न' गिरवायला शिकवलं, त्या बाईंना 'शिक्षक' म्हणून मत नाही. आयते लिहिता-वाचता येणारे विद्यार्थी ज्याच्या वर्गात आले, त्या मला मात्र ते होतं.

आता स्वतःबद्दल. नोकरीत होतो तोवर अर्जाची कधी चिंता नव्हती. शिक्षक संघटनेचे लोक शिक्षकांच्या खोलीत गठ्ठाच आणून टाकत, आपण सही करायची. 2011 मध्ये निवृत्त झालो. 2014 च्या निवडणुकीआधी गठ्ठा घेऊन कुणी आलं नाही, आणि मी वडगावच्या तहसील कचेरीत गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत मुदत संपली. ती निवडणूक किती थोडक्यात लागली ते वर लिहिलंच आहे. निकाल वाचला आणि पेपर घडी करून ठेवून दिला. जन्मभर मुलांना 'मतदान हा हक्क आहे तसंच कर्तव्य' असं लिहून घ्यायला लावणारा मी! 1978 साली ज्या मताचा ताठा होता, ते मी आळसात घालवलं. कुणी हिरावून नेलं नव्हतं.

2020 ला गेलो. करोनाचे दिवस, तोंडाला मास्क, आणि 62 उमेदवारांची भली थोरली मतपत्रिका. पसंतीक्रम लिहायचे, 1, 2, 3 असे, तेही तिथलाच जांभळा पेन वापरून. पहिल्या पसंतीचा आकडा घातलाच पाहिजे, पुढचे तुमच्या मर्जीवर. पण कुणी बरोबरची खूण केली, कुणी सही ठोकली, की मत बाद. आणि प्रत्येक खेपेला हजारोंनी मतं अशी बाद होतात! ही मतं कुणा अडाण्याची नव्हेत. सगळे पदवीधर.

तर मग त्या आईला काय सांगायचं? दोन दिवसांनी मीच त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "वहिनी, तुमचं बरोबर आहे. हे मत न्यायाने बघितलं तर तिला जास्तीचं मिळालंय. तेव्हा देशात शिकलेले थोडे होते, म्हणून त्यांना एक मत राखून ठेवलं. ते त्यांच्या हुशारीचं बक्षीस म्हणून दिलं नव्हतं. ज्यांना शिकता आलं नाही, त्यांच्या वतीनेही चार शब्द त्यांनी बोलावेत म्हणून दिलं होतं." प्रधान सरांसारख्यांना हे कळत होतं. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे सांगली जिल्ह्यातलेच. ते पदवीधरांचे प्रतिनिधी नव्हते, पण विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईसाठीचा विचार त्या शहाण्यांच्या सभागृहाच्या सभापतींच्या डोक्यातून आला, हे विसरून चालणार नाही. वरचं सभागृह असावं तर ते यासाठी.

आज या मताची गरज उरली आहे का, असं विचाराल तर माझं मन दोन्हीकडे ओढतं. तमिळनाडूने 1986 मध्ये आपली विधान परिषद बंद करून टाकली आणि राज्य चाललंच की. पण जोवर हे मत आपल्याकडे आहे, तोवर ते कपाटातल्या पदवीच्या दाखल्यासारखं गुंडाळून ठेवायचा आपल्याला अधिकार नाही, एवढं मला पक्कं वाटतं. विशेषतः ज्यांच्या घरात ते नसलेली माणसं आहेत त्यांना तर नाहीच.

माझं सगळं बोलणं त्या बाईंनी ऐकून घेतलं. मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "तसं आसंल तर मत टाकायच्या आधी मला इचारीत जा."

मतदान गुप्त असतं, हा धडा मी त्या दिवशी काढला नाही. मुलीचा अर्ज तपासला, दाखल्याची प्रत जोडली आहे ना ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आपापले अर्ज घेऊन वडगावला गेलो.