बालरोगचिकित्सकांचा आधार

बालकाला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं; म्हणून त्याच्या चिकित्सकाला इतरांच्या अनुभवाची जोड लागते. कलकत्त्यास डॉ. के. सी. चौधरी यांनीं १९३३ सालीं बालरोगांविषयीं इंग्रजी नियतकालिक काढलें. मुंबईस डॉ. जॉर्ज कोएल्हो यांच्या अध्यक्षतेखालीं १९५० सालीं बालरोगचिकित्सकांचा संघ निघाला. उभय शहरांतील संस्था १९६३ सालीं एक होऊन ‘इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स’ निर्माण झाली. पुढल्याच वर्षीं तिचें मासिक सुरू झालें. मोठ्या रुग्णालयांत सल्लागार शेजारींच असतो. परंतु बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारसारख्या गांवीं अतिसारानें सुकलेलें अर्भक मध्यरात्रीं पुढें आलें, तर डॉक्टर एकटाच असतो. त्या घटकेस सहव्यवसायिकांनीं लिहून ठेवलेला अनुभवच त्याच्या कामीं येतो. संघटनेची खरी कसोटी तेथेंच लागते.