वेशीबाहेरचा पाळक : रेव्हरंड नारायण शेषाद्री

मराठी ख्रिस्ती धर्मगुरू म्हटले, की आपल्यापुढे रेव्हरंड टिळक उभे राहतात आणि त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. ते योग्यच आहे. पण टिळकांच्या बाप्तिस्म्याआधी अर्धे शतक ज्यांनी ही वाट तुडवली, त्यांची नावे सुशिक्षितांनाही चटकन आठवत नाहीत. बाबा पदमनजी १८५७ च्या 'यमुनापर्यटना'मुळे निदान वाङ्मयाच्या इतिहासात टिकले. नारायण शेषाद्री मात्र तेथूनही निसटले. आज आम्ही बोलणार आहोत, ते त्यांच्याविषयी.

आम्ही कामगार-चळवळीतली माणसे. धर्मशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. जे काही वाचले, ते शाळा सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे कोणताही सिद्धान्त कानी आला, की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यामुळे कोणाच्या चुलीत आणि कोणाच्या शेतात काय फरक पडला? तोच प्रश्न येथेही विचारू.

१८४३ हे साल लक्षात ठेवावे. त्या वर्षी १८ मे रोजी स्कॉटलंडात एक विलक्षण घटना घडली. मंडळीचा पाळक जमीनदाराने नेमावा की मंडळीने, या वादातून साडेचारशेच्या वर पाळक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले. पगार गेला, राहते घर गेले. आमच्या भाषेत तो संपच. फरक इतकाच, की परत कामावर घ्या, असे म्हणायला ते पुन्हा दारात गेले नाहीत. त्यांनी 'फ्री चर्च' उभे केले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट हे मिशनरीही त्यांनाच मिळाले.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे येऊन राहिला. तो अजून अल्पवयीन होता. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या हवाली केले. खरा प्रश्न पुढेच उभा राहिला. मुलगा घरी आला, पण जातीत येणार कसा? प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, म्हणून 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले. सनातन्यांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवले. हे प्रकरण आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात मानाने सांगितले जाते आणि ते सांगावेच. पण ते धाकट्या भावाचे म्हणून सांगितले जाते. थोरल्याच्या मागे दार लागले, ते लागलेच. आणि इतिहासकारांचे लक्षही त्या दारापाशीच थांबले.

१८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अशा विद्वानापुढे एक राजमार्ग मोकळा होता : पंडितांशी वाद घालण्याचा. नीळकंठशास्त्री गोऱ्हे त्या मार्गाने गेले. काशीत वाढलेले हे चित्पावन शास्त्री १८४८ साली ख्रिस्ती झाले, नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले गेले आणि 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी सहाही दर्शनांशी तर्काने झुंज घेतली. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावरही त्यांची छाप पडली. त्यांच्या विद्वत्तेला आमचा नमस्कार आहे. शेषाद्रींनी मात्र वेगळी वाट धरली. ते जालन्याला गेले.

जालना आपल्याला परके नाही. मेहकर, सिंदखेडराजा ओलांडले, की वऱ्हाडची हद्द संपते आणि जालना येते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. जालना निजामाकडेच राहिले. तिकडे शेषाद्रींचे काम मुख्यतः मांग समाजात चालले. दोर वळणारे, केरसुण्या बांधणारे, हलगी वाजवणारे हे लोक गावाला हवे होते, पण वेशीच्या आत नको होते. शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ सुमारे ८०० एकर जमीन मिळवली आणि तेथे प्रार्थनामंदिर व शाळा असलेले गाव वसवले. नाव ठेवले बेथेल, म्हणजे देवाचे घर. बायबलात हे नाव याकोबाने दिले आहे. घरातून परागंदा झालेला तो तरुण उघड्यावर, उशाला धोंडा घेऊन निजला होता. त्या जागेलाच त्याने देवाचे घर म्हटले. वेशीबाहेर निजणाऱ्यांच्या गावाला याहून चपखल नाव कोणते मिळणार? धर्मशास्त्र म्हणतात ते हेच असेल, तर ते आम्हालाही कळते.

आक्षेप आहेत, ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पहिला असा, की लोक जमिनीसाठी ख्रिस्ती झाले. काही तसे झालेही असतील. पण भाकरीची आणि धर्माची गल्लत करू नये, असा उपदेश करणाऱ्याच्या घरी बहुधा भाकरीची ददात नसते. ज्याला पिढ्यान् पिढ्या जमीनही नव्हती आणि देवळात प्रवेशही नव्हता, त्याने दोन्ही एकदम मागितली, तर त्यात लाज कसली? दुसरा आक्षेप आमचा स्वतःचा आहे. जमीन दिवाणाच्या मर्जीने आली आणि पैसा परदेशी दानशूरांकडून. शेषाद्री त्यासाठी स्कॉटलंड-अमेरिकेपर्यंत हिंडले; १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत डोक्याला फेटा बांधून इंग्रजीत बोलले. माणूस मोठा, पण दानाने मिळालेले टिकवायला पुन्हा दाताच लागतो. हक्काने मिळालेले माणूस स्वतः राखतो. ज्या चर्चचा जन्मच पाळक निवडण्याच्या हक्कासाठी झाला, त्याच्या पाळकाला हे आम्ही सांगावे, असे नव्हे; पण बेथेलच्या कथेत आम्ही शोधतो तो हक्काचाच धागा.

१८९१ साली समुद्रप्रवासात त्यांचा अंत झाला. जातीने ज्याला बाहेर काढले, त्याने बाहेरच्यांसाठी गाव वसवले. त्याचा धर्म कोणता होता, हे विचारण्याआधी आपण त्याचे नाव तरी आपल्या इतिहासात घ्यावे. श्रीपतीला परत घेण्यासाठी जांभेकर झगडले. थोरल्या भावाला परत घेण्याचे काम आपल्याकडे आले आहे. त्यासाठी प्रायश्चित्ताची गरज नाही, स्मरण पुरे आहे.