केशरोपणातील कलमांचे परिरक्षण

डोक्याच्या मागील व बाजूच्या भागांतील केशमुळे काढून ती टक्कल पडलेल्या भागात लावण्याच्या शस्त्रक्रियेस केशरोपण म्हणतात. केशपुटक (केसाचे मूळ ज्यात असते ती त्वचेतील पिशवीसारखी रचना) व त्याभोवतीचे थोडे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) मिळून झालेल्या तुकड्यास ‘कलम’ ही संज्ञा आहे. कलम काढल्यापासून नव्या जागी लावले जाईपर्यंत त्यास रक्तपुरवठा नसतो. या मधल्या काळात ते जिवंत राहावे म्हणून योग्य विद्रावात व योग्य तापमानास ठेवणे यास कलमांचे परिरक्षण म्हणतात. केस काढण्याजोगे क्षेत्र मर्यादित असते व तेथून संपूर्ण केशपुटक काढल्यावर त्या जागी दुसरे तयार होत नाही. त्यामुळे हाताळणीत मेलेल्या कलमाची भरपाई करता येत नाही. केशरोपणात वापरले जाणारे बहुतेक विद्राव मुळात हृदय, वृक्क (मूत्रपिंड) व यकृत यांवरील संशोधनातून आले आहेत. केशपुटकास त्यांची कितपत गरज आहे, याची तपासणी मात्र बऱ्याच उशिरा सुरू झाली.

पूर्वेतिहास : कपाळाची त्वचा वळवून नाक तयार करण्याची पुण्याजवळ झालेली शस्त्रक्रिया १७९४ मध्ये लंडनच्या द जेंटलमन्स मॅगझीन या नियतकालिकात वर्णिली गेली व यूरोपात प्रसिद्धी पावली. तीत त्वचेचा एक भाग मूळ जागी जोडलेलाच राहत असल्याने रक्तपुरवठा चालू राही आणि परिरक्षणाचा प्रश्न उद्‌भवत नसे. तो प्रश्न पूर्णपणे सुट्या केलेल्या कलमांबाबत निर्माण झाला. इटलीतील जूझेप्पे बारोनिओ यांनी १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंढ्यावरील प्रयोगांत काढलेली त्वचा काही वेळ तशीच ठेवून नंतरही लावून पाहिली होती. पॅरिस येथे झाक-ल्वी रेव्हेर्दँ यांनी १८६९ मध्ये त्वचेचे लहान सुटे तुकडे मानवी जखमेवर यशस्वी रीत्या लावले.

परिरक्षक द्रवांचा पाया मात्र शरीरक्रियाविज्ञानाने घातला. लंडन येथील सिडनी रिंगर हे १८८२-८३ च्या सुमारास बेडकाचे हृदय शरीराबाहेर लवण-विद्रावात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. त्यांच्या साहाय्यकाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले असता हृदय दीर्घकाळ चालू राहिले. शुद्ध पाण्याच्या विद्रावात मात्र ते लवकर थांबले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हे त्याचे कारण होते. सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे योग्य प्रमाणात असलेला ‘रिंगर विद्राव’ यातून तयार झाला. अमेरिकेतील ॲलेक्सिस हार्टमान यांनी १९३० नंतरच्या दशकात त्यात सोडियम लॅक्टेट मिसळले. हा सुधारलेला विद्राव व ०·९ टक्के मिठाचा विद्राव हे आजही केशरोपणातील सर्वांत साधे परिरक्षक आहेत.

इंद्रिय-परिरक्षण विद्राव : तापमान उतरविल्यास कोशिकेतील चयापचय (सतत घडणाऱ्या भौतिक-रासायनिक घडामोडी) मंदावतो व ऑक्सिजनाची गरज घटते. सुमारे ४° से. तापमानास तो देहतापमानाच्या साधारण दशांशावर येतो. तथापि सोडियम बाहेर व पोटॅशियम आत ठेवणारी कोशिकापटलातील यंत्रणाही थंडीने बंद पडते. मग बाहेरील सोडियम आत शिरते, त्यामागोमाग पाणी शिरते आणि कोशिका सुजते.

यावर उपाय म्हणून जेफ्री कॉलिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस अँजेल्स येथे १९६९ मध्ये पोटॅशियम अधिक व सोडियम कमी असलेला, म्हणजे कोशिकेच्या अंतर्द्रवासारखा विद्राव वापरला. त्यामुळे कुत्र्याचे वृक्क केवळ थंड ठेवून सुमारे ३० तास टिकविता आले. १९८० नंतरच्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर व जेम्स साउदर्ड यांनी याहून परिणामकारक विद्राव सिद्ध केला. त्यातील लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज यांचे मोठे रेणू कोशिकेत शिरत नसल्याने सूज रोखली जाते. ॲडिनोसीन हे कोशिकेचा ऊर्जासाठा पुन्हा भरण्यास उपयोगी पडते. ग्लुटाथायोन व ॲलोप्युरिनॉल हे घटक रक्तपुरवठा पूर्ववत होताना निर्माण होणाऱ्या ऑक्सिजनाच्या विक्रियाशील रूपांपासून संरक्षण करतात.

केशरोपणातील प्रश्न : जपानमधील शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसयुक्त त्वचेच्या लहान गोल कलमांचे वर्णन केले होते. न्यूयॉर्क येथील त्वचारोगतज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५२ मध्ये टकलावर अशी शस्त्रक्रिया केली व १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या काळची कलमे सुमारे ४ मिमी. व्यासाची असत. एका बैठकीत ती थोडीच लावली जात आणि काम लवकर उरके. मिठाच्या विद्रावाची बशी तेवढ्यास पुरेशी होती. अमेरिकेतील बॉबी लिमर यांनी १९८८ पासून कलमे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी करण्यास सुरुवात केली. पुढील दशकात एक ते चार केसांचे नैसर्गिक पुंजके वेगवेगळे लावण्याची पद्धत रूढ झाली. कलमांची संख्या हजारांवर गेली व शस्त्रक्रिया अनेक तास चालू लागली. शिवाय भोवतीचे ऊतक कमी झाल्याने कलम लवकर सुकू लागले. अशा रीतीने तंत्रातील सुधारणेनेच परिरक्षणाचा प्रश्न बिकट केला.

लिमर यांनी थंड मिठाच्या विद्रावात ठेवलेली कलमे वेगवेगळ्या कालावधींनंतर लावून किती जगतात ते मोजले. २ तासांनंतर ९५ टक्के, ४ तासांनंतर ९०, ६ तासांनंतर ८६, ८ तासांनंतर ८८, २४ तासांनंतर ७९ व ४८ तासांनंतर ५४ टक्के कलमे जगली. शस्त्रक्रियेच्या कालमर्यादेत प्रत्येक तासास सुमारे एक टक्का हानी होते, हा पुष्कळदा सांगितला जाणारा ठोकताळा याच आकड्यांवरून आला. ब्राझीलमधील मार्सेलो गांडेलमन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये कलमांना मुद्दाम निरनिराळ्या प्रकारे इजा करून सूक्ष्मदर्शकांनी तपासणी केली. तीत सुकण्याने होणारी हानी सर्वांत गंभीर आढळली.

मतभेद : थंडीची आवश्यकताही निर्विवाद नाही. एडोआर्डो रापोझिओ व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही तासांच्या साठवणुकीसाठी थंड केलेल्या व खोलीच्या तापमानास ठेवलेल्या कलमांत लक्षणीय फरक आढळला नाही. दीर्घ शस्त्रक्रियांसाठी अंतर्द्रवासारखे विद्राव व ऊर्जादायी ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट मिसळलेले द्रव काही शल्यचिकित्सक वापरतात. असे विद्राव थंडीसाठीच तयार केलेले असल्याने ते खोलीच्या तापमानास वापरणे त्यांच्या मूळ हेतूशी विसंगत ठरते. ब्राझीलमधील कार्लोस उएबेल व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, बिंबाणूंनी (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म कणांनी) समृद्ध अशा रक्तद्रवात भिजविलेल्या कलमांची वाढ सुमारे १५ टक्के अधिक झाल्याचे नमूद केले.

या विद्रावांची तुलना करणे अवघड असते. लावलेले केस बहुधा काही आठवड्यांत गळतात, नवे केस तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि अंतिम फलित कळण्यास सुमारे एक वर्ष लागते. केस विरळ उगवले, तर त्यास कापणीतील चूक, चिमट्याचा दाब, दाटीने केलेली लावणी किंवा सुकणे यांपैकी काहीही कारण असू शकते. म्हणून एकाच व्यक्तीच्या डोक्याच्या दोन भागांत दोन विद्राव वापरून केलेली तुलना अधिक विश्वसनीय ठरते.

कलम क्षणभरही सुकू न देणे, ते शरीराबाहेर राहण्याचा काळ कमीत कमी ठेवणे आणि थंड करताना गोठू न देणे (बर्फाच्या स्फटिकांनी कोशिका फाटतात) या बाबींविषयी तज्ञांत एकमत आहे. थोड्या तासांच्या कामास साधा लवण-विद्राव बहुधा पुरतो, तर काम लांबेल तसे विशेष विद्रावाचे महत्त्व वाढते. मात्र निष्काळजी हाताळणीने झालेली हानी कोणत्याही महागड्या विद्रावाने भरून निघत नाही.